जुना स्टॅन्ली रंधा कोणत्या काळातला, कसा ओळखायचा

आजोबांचा स्टॅन्ली या अमेरिकन कंपनीचा पाच नंबरचा रंधा माळ्यावर गंजत पडला होता. त्याचं वय मी शोधलं ते असं.

आधी पातं आणि पात्याखालची तिरकी बैठक काढा. त्याखाली उघडा पडणारा रंध्याचा आतला तळ रॉकेलने पुसून नरम ब्रशने घासा. सँडपेपर अजिबात नको, अक्षरं जातील. ओतीव लोखंडातच पेटंटच्या तारखा उठलेल्या दिसतात. मार्च १९०२, ऑगस्ट १९०२ आणि एप्रिल १९१० अशा तिन्ही असल्या, तर रंधा साधारण १९१० ते १९१८ मधला. आजोबांच्या रंध्यावर काजळीखालून ही तिसरी तारीख वर आली, तेव्हा मी किती तरी वेळ नुसतं तिच्यावर बोट फिरवत बसलो. फक्त एप्रिल १९१०चीच तारीख असेल, तर तो १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धातला.

पातं दाबणाऱ्या झाकणाचं भोकही बघा. मूत्रपिंडाच्या आकाराचं भोक १९३३च्या सुमारास आलं. त्याआधीचं कुलपाच्या भोकासारखं असे.

पात्यावरच्या शिक्क्यावर मात्र विसंबू नका. पाती झिजतात, बदलली जातात. आमचंही नंतरचंच निघालं.