कस्टम रॉम टाकण्याआधी वाइप करताना या चुका टाळा

"आधी सगळं वाइप कर, मग रॉम फ्लॅश कर." वाइप म्हणजे पुसणं, फ्लॅश म्हणजे फोनवर लिहिणं. कस्टम रॉमच्या, म्हणजे फोनच्या कंपनीऐवजी इतरांनी बनवलेल्या अँड्रॉइडच्या, वाटेला जाणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. फोनच्या स्टोरेजमध्ये वेगवेगळी पार्टिशन्स (कप्पे) असतात, प्रत्येकाचं काम वेगळं असतं, आणि रिकव्हरीतलं, म्हणजे अँड्रॉइड सुरू न करता उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेन्यूतलं, प्रत्येक बटण त्यातल्या वेगळ्या भागाला हात लावतं. कमी पुसलं तर फोन लोगोवर अडकतो. जास्त पुसलं तर फोटोंपासून आयएमईआयपर्यंत (नेटवर्कवर फोन ओळखणारा क्रमांक) काहीही जाऊ शकतं. त्यामुळे वाइपच्या मेन्यूत शिरण्याआधी एवढं पक्कं हवं: आत्ता फोनवर काय आहे आणि त्यावर काय टाकायचंय. किती पुसायचं ते यावरूनच ठरतं.

कॅशे पुसला की झालं, असं समजणं

टीडब्ल्यूआरपी या कस्टम रिकव्हरीमध्ये 'डॅल्व्हिक / एआरटी कॅशे' असा पर्याय दिसतो. ॲप्स चालवणारं डॅल्व्हिक जाऊन २०१४च्या अँड्रॉइड ५.० पासून एआरटी आलं, पण जुनं नाव मेन्यूत राहिलं. या जागेत ॲप्सचा आधीच कंपाइल करून ठेवलेला कोड असतो. तो उडवला तर नुकसान काहीच नाही, फोन तो पुन्हा तयार करतो. म्हणूनच तो पुसून फायदाही मर्यादित. 'कॅशे' नावाचं वेगळं पार्टिशन जुन्या फोनमध्ये अपडेटच्या फाइल्स आणि रिकव्हरीचे लॉग ठेवायला वापरलं जायचं. सिस्टीमसाठी दोन स्लॉट असलेल्या, म्हणजे ए/बी पद्धतीच्या बहुतेक फोनमध्ये ते नसतंच. तुमच्या रिकव्हरीत तो पर्याय दिसला नाही, किंवा कॅशे माउंट होत नाही (वापरासाठी जोडलं जात नाही) असा लाल संदेश आला, तर घाबरू नका. आणि कॅशे तीन-तीनदा पुसायची जी पद्धत आहे, तिला काही अर्थ नाही. एकदा गेलेली फाइल दुसऱ्यांदा जात नाही.

खरी अडचण 'डेटा'मध्ये असते. सेटिंग्ज, परवानग्या, अकाउंट्स, संपर्कांचा डेटाबेस, सगळं तिथे. एका रॉमवरून दुसऱ्या रॉमवर जाताना फक्त कॅशे पुसला, तर फोन कधीकधी सुरू होतो, पण मग सिस्टीम युआय बंद पडलं, फोन ॲप बंद पडलं, असे संदेश थांबतच नाहीत. यामागे साधारणपणे दोन कारणं असतात. एक म्हणजे जुन्या रॉममधल्या डेटाबेसची आवृत्ती नव्या रॉमच्या ॲपपेक्षा पुढची असते. अशा वेळी लॉगकॅटमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींमध्ये, 'कान्ट डाउनग्रेड डेटाबेस' अशी ओळ स्पष्ट सापडते. दुसरं कारण डिजिटल सह्यांचं. प्रत्येक रॉम बनवणारा सिस्टीम ॲप्सवर आपल्या की-ने सही करतो, आणि डेटामध्ये आधीच्या सहीची नोंद बसलेली असते. नवी सही जुळली नाही की सिस्टीम त्या ॲपला जुन्या परवानग्या आणि जुना डेटा वापरू देत नाही. कॅशे कितीही पुसला तरी या दोन्ही गोष्टी जागच्या जागी राहतात.

उलट दिशेची चूकही तितकीच दिसते. रॉम तोच, बनवणारा तोच, फक्त पुढचा बिल्ड टाकायचाय, आणि माणूस सवयीने सगळा डेटा उडवतो. इथे डर्टी फ्लॅश पुरतो, काही पुसायची गरज नसते. अपवाद लक्षात ठेवा: अनऑफिशियल बिल्डवरून ऑफिशियलवर जाताना सही बदलते, तेव्हा क्लीन फ्लॅशच, म्हणजे डेटा पुसून फ्लॅश, करा. अँड्रॉइडची मुख्य आवृत्ती वर जात असेल, तर त्या रॉमच्या सूचना काय म्हणतात ते पाळा. आणि मागच्या आवृत्तीवर यायचं असेल, तर डेटा वाचवायचा प्रयत्न सोडून द्या. एन्क्रिप्शनची किल्ली अँड्रॉइडच्या आवृत्तीशी आणि सिक्युरिटी पॅचच्या तारखेशी बांधलेली असते. जुन्या पॅचचा रॉम टाकलात तर ती चालतच नाही.

'फॅक्टरी रीसेट' आणि 'फॉरमॅट डेटा' एकच समजणं

माझ्या मते सगळ्यात जास्त फोन इथे अडकतात, म्हणून इथे जरा थांबूया.

टीडब्ल्यूआरपीत 'वाइप' दाबलं की खाली स्वाइप करायची पट्टी येते. ती ओढली की डेटा, कॅशे आणि डॅल्व्हिक पुसलं जातं, पण इंटरनल स्टोरेज, म्हणजे तुमचे फोटो आणि डाउनलोड्स, तसंच राहतं. ऐकायला ही सोय वाटते. पण आजचे फोन एन्क्रिप्टेड असतात. फाइलनिहाय एन्क्रिप्शन अँड्रॉइड ७.० बरोबर २०१६ मध्ये आलं आणि अँड्रॉइड १० घेऊन येणाऱ्या नव्या फोनसाठी ते सक्तीचं झालं. स्वाइप केल्यावर फाइल्स मागे राहतात, पण त्या ज्या किल्लीने बंद केल्या होत्या ती एक तर पुसली गेलेली असते किंवा नव्या रॉमला वापरता येत नाही. कुलूप तेच आणि किल्ली हरवलेली, अशी ही गत.

मग काय दिसतं? नवा रॉम व्यवस्थित फ्लॅश होतो, एकही एरर नाही, आणि रीबूट केल्यावर फोन थोडा वेळ ॲनिमेशन दाखवून परत रिकव्हरीत येतो. इंटरनल स्टोरेज शून्य एमबी दिसतं. किंवा फाइल मॅनेजरमध्ये फोल्डरांची नावं म्हणजे निरर्थक अक्षरांच्या लांबलचक माळा. काही रिकव्हरींमध्ये अँड्रॉइड सिस्टीम लोड होत नाही, डेटा खराब झालेला असू शकतो, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि खाली पुन्हा प्रयत्न करा किंवा फॅक्टरी डेटा रीसेट करा, असे दोनच पर्याय असतात. लोक इथे रॉमला दोष देतात, दुसरा रॉम उतरवतात, तोही अडकतो.

यावर उपाय 'फॉरमॅट डेटा'चा. टीडब्ल्यूआरपीत वाइप, मग उजवीकडचं 'फॉरमॅट डेटा' बटण, मग कीबोर्डवर 'येस' असं टाइप करावं लागतं. मुद्दाम टाइप करायला लावतात, कारण यात इंटरनल स्टोरेजसकट सगळं जातं आणि फाइल सिस्टीम नव्याने तयार होते. ते झाल्यावर लगेच फाइल्स कॉपी करायला जाऊ नका. 'रीबूट'मध्ये जाऊन पुन्हा 'रिकव्हरी' निवडा. नवं डेटा पार्टिशन नीट माउंट होण्यासाठी अनेक फोनना एवढं लागतंच, आणि ही पायरी गाळली की कॉम्प्युटरवर फोन दिसत नाही किंवा कॉपी अर्धवट अडकते.

लिनिएजओएस या कस्टम रॉमच्या रिकव्हरीत हाच पर्याय 'फॅक्टरी रीसेट'च्या आत 'फॉरमॅट डेटा / फॅक्टरी रीसेट' म्हणून येतो आणि तो खरोखर फॉरमॅटच करतो. म्हणजे फॅक्टरी रीसेट म्हटल्यावर एका रिकव्हरीत फोटो वाचतात, दुसरीत जातात. एकीसाठी लिहिलेल्या सूचना दुसरीत वापरू नका.

ॲडव्हान्स्ड वाइपमध्ये दिसेल त्यावर टिक करणं

सिस्टीम, व्हेंडर, इंटरनल स्टोरेज, मायक्रो एसडी कार्ड, यूएसबी ओटीजी असे चौकोन समोर येतात आणि हात आपोआप सगळीकडे जातो. ओटीजीवरचा पेनड्राइव्ह, ज्यात रॉमची झिप ठेवली होती, तोही असाच रिकामा होतो.

सिस्टीम वेगळं पुसायची गरज आता क्वचितच पडते. अँड्रॉइड ५.० पासून बहुतेक रॉम सिस्टीमची पूर्ण इमेज ब्लॉक पातळीवर लिहितात, त्यामुळे जुनं आपोआप झाकलं जातं. त्यातून ती पुसली आणि झिप हाताशी नसली, तर रीबूट करताना 'नो ओएस इन्स्टॉल्ड' असा इशारा येतो. अशा वेळी रीबूट करू नका, रिकव्हरीतच थांबा आणि रॉम टाका. अँड्रॉइड १० किंवा पुढच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनमध्ये सिस्टीम, व्हेंडर वगैरे सगळं 'सुपर' नावाच्या एका पार्टिशनच्या आत असतं. तिथे हे चौकोन दिसत नाहीत, आणि दिसायलाही नकोत.

व्हेंडरचं पार्टिशन प्रोजेक्ट ट्रेबलमुळे २०१७च्या अँड्रॉइड ८.० पासून वेगळं झालं. हार्डवेअरचे ड्रायव्हर त्यात असतात. तुमच्या रॉमच्या झिपमध्ये व्हेंडर नसेल आणि तुम्ही ते पुसलंत, तर फोन चालू होणारच नाही. मग कंपनीच्या मूळ फर्मवेअरमधून (फोनसोबतच्या सॉफ्टवेअरमधून) ते परत बसवावं लागतं.

पर्सिस्ट आणि ईएफएस ही दोन नावं मात्र कायमची लक्षात ठेवा. पर्सिस्टमध्ये सेन्सरचं कॅलिब्रेशन आणि व्हिडिओच्या डीआरएमसाठीच्या (कॉपी-संरक्षणाच्या) गोष्टी असतात, ईएफएसमध्ये नेटवर्कची ओळख. त्या फॅक्टरीत तुमच्याच फोनसाठी बनलेल्या असतात, इंटरनेटवरून उतरवून बसवता येत नाहीत. दुसऱ्याच्या फोनमधली ईएफएस आपल्या फोनवर टाकायचा विचारही करू नका. रिकव्हरीच्या बॅकअपच्या यादीत ही पार्टिशन्स दिसत असतील तर पहिल्याच दिवशी त्यांचा बॅकअप घ्या आणि तो फोनबाहेर न्या.

बॅकअप आणि रॉम त्याच फोनच्या पोटात ठेवणं

टीडब्ल्यूआरपीच्या डेटा बॅकअपमध्ये इंटरनल स्टोरेज धरलेलं नसतं. फोटो त्यात येत नाहीत. आणि तो बॅकअप स्वतः डिफॉल्टने इंटरनल स्टोरेजमध्येच जातो, म्हणजे फॉरमॅट डेटा केलं की बॅकअपही गेला. कॉम्प्युटरवर कॉपी झाल्याशिवाय त्याला बॅकअप धरू नका. लोक फोटो आठवणीने काढतात, पण दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप विसरतात, आणि मग ईमेलमध्येच शिरता येत नाही. चॅटचा बॅकअप, ऑथेंटिकेटरचे कोड, गुगल अकाउंटचा पासवर्ड, हे आधी सांभाळा. पासवर्ड अशासाठी की अँड्रॉइड ५.१ पासून आलेल्या रीसेट संरक्षणामुळे रिकव्हरीतून पुसलेला फोन आधीचंच अकाउंट मागू शकतो. आणि हे सगळं बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करण्याच्याही आधी उरका. अनलॉक करतानाच फोन सगळा डेटा पुसतो.

रॉमची झिप इंटरनलवर ठेवून फॉरमॅट केलं असेल तर काही बिघडलेलं नाही. रिकव्हरी शाबूत आहे. एडीबी साइडलोडने, म्हणजे केबल जोडून कमांड देऊन, कॉम्प्युटरवरून थेट रॉम टाका. कॉम्प्युटरवरची टक्केवारी ४७ वर थांबलेली दिसली तर लगेच केबल काढू नका, फोनच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते बघा. अनेकदा इन्स्टॉल पूर्ण झालेलं असतं.

क्रम चुकवणं

डेटा फॉरमॅट, मग रॉम, मग गुगल ॲप्सचं पॅकेज, मग पहिला बूट. हा क्रम बदलू नका. रॉम एकदा सुरू करून मग गुगल ॲप्स टाकली, तर सेटअप आणि प्ले सर्व्हिसेस वारंवार बंद पडतात. पहिल्या बूटलाच परवानग्यांची मांडणी ठरलेली असते. मग पुन्हा फॉरमॅट करण्यावाचून इलाज नाही. ए/बी फोनवर रॉम दुसऱ्या स्लॉटमध्ये लिहिला जातो, म्हणून रॉमनंतर एकदा रिकव्हरीत रीबूट करून मगच पॅकेज टाका.

वाइप बरोबर करूनही 'एरर ७' आला, तर परत परत पुसत बसू नका. त्याचा वाइपशी संबंध नसतो. रॉम दुसऱ्या मॉडेलचा आहे किंवा तुमचं फर्मवेअर जुनं आहे, हे फ्लॅश करण्याआधीची तपासणी सांगत असते. झिपमधली तपासणीची ओळ काढून टाकायचा जो सल्ला मिळतो, तो ऐकू नका, तिच्यामुळेच फोन वाचलेला असतो. मॉडेलचं कोडनेम जुळवा, झिपचा शा-२५६ (फाइल बिघडलेली नाही ना हे सांगणारा आकडा) तपासा, फर्मवेअर अपडेट करा.

फोन लोगोवरच अडकला तर

आधी थांबा. पहिल्या बूटला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. त्यापुढेही ॲनिमेशनच चालू राहिलं, तर बटणं दाबून रिकव्हरीत जा. नुसता स्वाइप केला असेल तर फॉरमॅट डेटा करा आणि रीबूट करून बघा. बऱ्याच वेळा एवढ्याने सुटतं. नाहीच सुटलं तर रॉम पुन्हा साइडलोड करा, या वेळी गुगल ॲप्स आणि मॅजिस्क (फोनला रूट, म्हणजे पूर्ण नियंत्रण, देणारं साधन) न टाकता. तसा फोन चालू झाला तर दोष त्या दोघांपैकी एकात आहे. रिकव्हरीच उघडत नसेल तर फास्टबूटमध्ये (बूटलोडरच्या, कॉम्प्युटरवरून कमांड घेणाऱ्या मोडमध्ये) जाऊन ती परत फ्लॅश करा. ए/बी फोनवर ती अनेकदा बूट इमेजच्या आतच असते, तेव्हा त्या रॉमसोबत दिलेली इमेजच वापरा. शेवटचा मार्ग म्हणजे कंपनीचं मूळ फर्मवेअर.

या सगळ्यात एक गोष्ट करू नका: अडकलेल्या अवस्थेत, किंवा कस्टम रॉम वर असताना, बूटलोडर पुन्हा लॉक करू नका. लॉक झालं की व्हेरिफाइड बूट कंपनीची सही नसलेली सिस्टीम सुरू करायला नकार देतं आणि फास्टबूटमधून काही फ्लॅशही करता येत नाही. पुन्हा अनलॉक करायला लागणारं ओईएम अनलॉकचं बटण सेटिंग्जमध्ये असतं, आणि सेटिंग्जपर्यंत पोचायला फोन आधी चालू व्हावा लागतो.