कोरगूट कापून झालं, आता बांधाकडेला मोरस आणि धापा

कोरगुटाची, म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या गोव्यातल्या भाताची, कापणी उरकली की खाजनाकडे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताकडे, सहसा कोणी फिरकत नाही. हेच तीन-चार आठवडे हातचे घालवू नका. पावसाने जमिनीतलं मीठ बरंच धुऊन निघालेलं असतं. उन्हं तापली की ते पुन्हा वर येतं आणि मातीवर पांढरा थर धरतो. मोरस ही खाऱ्या मातीतली पालेभाजी. ती खारी जमीन कितीही सोसत असली, तरी तिचं बी रुजतं ते गोड्या ओलाव्यात. रोप एकदा सावरलं की खारं पाणी चालतं. म्हणून पेरायची ती आत्ताच. राखलेलं बी नसेल तर बांधालगत आपोआप उगवलेली कोवळी रोपं मातीसकट उचलून लावा.

धापा ही दुसरी खारी भाजी, जमिनीवर पसरणारी. तिच्यासाठी बी शोधत बसू नका. जाड, मांसल पानं, लालसर देठ आणि चांदणीसारखं गुलाबी फूल, ही तिची खूण. वीतभर फांद्या तोडून दोन-तीन पेरं मातीत दाबा आणि दोन फांद्यांत फूटभर अंतर ठेवा. जमिनीवर पसरताना पेरापेराला मुळं फुटतात. बांधाच्या उतारावर लावलात तर भाजीही मिळते आणि मातीही धरून राहते. मातीचा बांध दरवर्षी सावरणाऱ्याला याचं मोल सांगायला नको.

मासळीसाठी मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीचं पाणी आत घेणार असाल तर मोरसीचे वाफे पाण्याच्या पातळीच्या वर हवेत. खारं चालतं, साचलेलं पाणी चालत नाही.

खुडताना फक्त कोवळे शेंडे घ्या, नवे फुटवे येत राहतात. भाजी उकळून ते पाणी टाकून द्या. उन्हाळ्यातली भाजी जास्त खारट, ती दोनदा उकळा. मग तूरडाळ किंवा सुकी सुंगटं (कोळंबी), वर ओलं खोबरं. मीठ चव घेतल्याशिवाय मुळीच घालू नका. रक्तदाब किंवा मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी, कारण या भाज्यांत सोडियम खूप असतं आणि ऑक्झलेटही असतं.

सांडपाण्याचा नाला किंवा बार्जदुरुस्तीची जागा जवळ असेल तिथली भाजी खुडू नका. गोव्यातल्या चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्यातून काहीही आणायचं नाही, आणि वाफ्यांसाठी खारफुटी तर अजिबात तोडायची नाही.

आणखी एक, मळणीच्या गडबडीत राहून जाणारं: शेताच्या सर्वांत खाऱ्या कोपऱ्यात ज्या कोरगुटाच्या लोंब्या पूर्ण भरल्या, त्यांचंच बी पुढच्या जूनसाठी वेगळं वाळवून ठेवा.