ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना स्क्रीनशॉट घेताय? या चुका टाळा

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून सांगलीतील शाळा, पतसंस्था आणि दुकाने यांतील जुन्या संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचे काम वाढले आहे. त्यासोबत ‘आमच्या माणसांसाठी चित्रांसह एक पुस्तिका करून द्या’ ही मागणीही वाढली आहे. विश्रामबागेतील माझ्या हार्डवेअरच्या वर्गात मुले अशा पुस्तिका तयार करतात. दर तुकडीत त्याच चुका दिसतात, म्हणून त्या एकदा सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत महागडी चूक म्हणजे चित्र संगणकाबाहेर न काढता रीस्टार्ट करणे. मिरज तालुक्यातील एका शाळेसाठी उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची पुस्तिका करायची होती. एका विद्यार्थ्याने पेनड्राइव्हवरून लाइव्ह सत्र सुरू केले, म्हणजे सिस्टिम डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालवली, प्रत्येक टप्प्यावर प्रिंट स्क्रीनची कळ दाबली आणि दोन तासांत एकेचाळीस सुरेख चित्रे घेतली. शेवटी ‘रीस्टार्ट नाऊ’ हे बटण समोर आले आणि त्याने ते दाबले. नव्या सिस्टिममध्ये चित्रांचे फोल्डर रिकामे दिसले, तरी तो निर्धास्त होता. ‘सर, सत्र पेनड्राइव्हवरून चालू होते, म्हणजे चित्रे पेनड्राइव्हमध्येच असणार,’ असे तो म्हणाला. पेनड्राइव्ह तपासला, तर त्यात एकही चित्र नव्हते. दोन तासांच्या कामाचे मुसळ केरात गेले होते.

त्याचा हा समज अनेकांचा असतो, म्हणून कारण नीट समजून घ्यावे. लाइव्ह पेनड्राइव्हवरील मूळ सिस्टिम केवळ वाचण्यापुरती असते. सत्रात आपण जे काही साठवतो, मग ते डेस्कटॉपवर असो की चित्रांच्या फोल्डरमध्ये, ते संगणकाच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, राहते आणि रीस्टार्ट होताच पुसले जाते. वीज गेली तरी हेच होते, आणि आपल्याकडे ती विचारून जात नाही. म्हणून मी दुसरा पेनड्राइव्ह आधीपासूनच लावून ठेवतो, त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून ‘चित्रे’ असे लिहितो आणि दर पाच पडद्यांनंतर फाइली त्यात टाकतो. काढताना ‘इजेक्ट’ केल्याशिवाय तो ओढत नाही, कारण कॉपी झाल्याचे दिसले तरी काही भाग लिहायचा बाकी असू शकतो. रीस्टार्टचे बटण दाबण्यापूर्वी हा पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून शेवटचे चित्र उघडते का, ते पाहतो. यात दोन मिनिटे जातात, आणि ज्यांना ती जड वाटतात त्यांनी पुस्तिका करण्याचे काम अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक इन्स्टॉलरची रीत वेगळी असते. डेबियन आणि फेडोरा या उबुंटूसारख्याच मोफत सिस्टिम आहेत. डेबियनच्या चित्रमय इन्स्टॉलरमध्ये स्क्रीनशॉटचे बटणच दिलेले असते आणि चित्रे नव्या सिस्टिमच्या लॉग (नोंदींच्या) फोल्डरात पोहोचतात. फेडोराच्या जुन्या पद्धतीच्या इन्स्टॉलरमध्ये शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबावे लागते. तेथे चित्रे तात्पुरत्या फोल्डरात पडतात, म्हणून ती वेळेत उचलावीत. विंडोजच्या सेटअपमध्ये प्रिंट स्क्रीन दाबून काही साधत नाही, कारण चित्र चिकटवायला तेथे पेंटच नसते. शिफ्ट आणि एफ१० दाबून आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडता येते, पण तेथे दिसणारा एक्स ड्राइव्हही रॅममध्येच असतो. बायोसचे, म्हणजे सिस्टिम सुरू होण्यापूर्वीच्या मदरबोर्डच्या सेटिंगचे, चित्र हवे असेल, तर अनेक मदरबोर्डांवर एफ१२ ची कळ ते काम करते. मात्र पेनड्राइव्ह फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट केलेला असावा.

या सगळ्या कारणांमुळे मी बहुतेक चित्रे व्हर्च्युअलबॉक्समध्ये घेतो. हे सॉफ्टवेअर आपल्या संगणकाच्या आत एक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवते. तेथे उजवे कंट्रोल आणि ई दाबले की चित्र बाहेरच्या संगणकावर साठते, त्यामुळे आतली सिस्टिम बंद पडली तरी ते सुरक्षित राहते. खिडकी ताणून मोठी करून बाहेरून चित्र टिपू नये, अक्षरे फुटतात. चित्र पीएनजीमध्येच ठेवावे. जेपीजीत अक्षरांच्या कडांना धुरकट ठिपके येतात.

परंतु व्हर्च्युअल मशीनमध्ये एक सापळा आहे, आणि त्यात मी स्वतः दुसऱ्याला अडकवले आहे, याची खंत आजही वाटते. माझ्या एका जुन्या पुस्तिकेत डिस्क निवडण्याच्या पडद्याचे चित्र होते. त्यात एकच डिस्क, पंचवीस जीबीची, पहिल्या ओळीत दिसत होती. मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याच्या मुलाने ती पुस्तिका समोर ठेवून काम केले. त्याच्या संगणकात दोन डिस्क होत्या: नवी एसएसडी आणि तीन वर्षांच्या हिशेबाची जुनी हार्ड डिस्क. यादीत जुनी डिस्क वर होती. ‘सर, चित्रात पहिली ओळ निवडली होती, मीही पहिलीच निवडली,’ असे तो फोनवर म्हणाला. त्याचे काही चुकले नव्हते. पण हिशेबाची डिस्क पुसली गेली होती. काही फाइली परत मिळाल्या. उरलेले हिशेब त्याच्या वडिलांनी पावत्या आणि वह्या घेऊन, रात्री जागून पुन्हा भरले.

तेव्हापासून मी व्हर्च्युअल मशीनला मुद्दाम दोन डिस्क जोडतो, एक चाळीस आणि एक शंभर जीबीची, आणि जिच्यावर सिस्टिम बसवायची ती दुसऱ्या ओळीत येईल असे पाहतो, म्हणजे वाचणाऱ्याला आकार वाचावाच लागतो. त्या पडद्याची दोन चित्रे घेतो, निवड करण्यापूर्वीचे आणि केल्यानंतरचे. निवड झाल्यावरच चित्र टिपले, तर नवख्या माणसाला काय बदलले तेच कळत नाही. चित्राखाली ‘क्रमांकावर जाऊ नका, आकार आणि मॉडेल वाचा’ असे ठळक लिहितो, कारण डिस्कांचा क्रम दर वेळी तोच राहील याची खात्री नसते. प्रत्यक्ष संगणकावर मात्र मी डेटाच्या डिस्कची केबलच काढून ठेवतो.

मोबाइलने फोटो घ्यावाच लागला, तर फ्लॅश बंद ठेवावा, थोडे मागे सरकून झूम करावे, म्हणजे पडद्यावरच्या लाटा कमी दिसतात, आणि फोटो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. नुसता फोटो पाठवला, तर तो दाबला जातो आणि त्रुटीच्या कोडमधील आठ आणि बी ओळखता येत नाहीत.

विंडोजची पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की, डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की आणि ईमेल पत्ता चित्रात राहू देऊ नये. त्यांवर धूसरपणा न आणता भरीव काळी पट्टी मारावी. कापून टाकलेल्या भागावरही विसंबू नये. २०२३ मध्ये विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये, म्हणजे स्क्रीनशॉट घेण्याच्या सोयीत, असा दोष सापडला की, चित्र कापून त्याच फाइलवर साठवले तरी कापलेला भाग फाइलमध्ये मागे उरत असे. मायक्रोसॉफ्टने तो त्याच वर्षी दुरुस्त केला, तरी मी आजही कापलेले चित्र नव्या फाइलमध्येच साठवतो.

फाइलींना ००१, ००२ अशी नावे द्यावीत, नाहीतर काही प्रोग्राममध्ये दहावे चित्र दुसऱ्या चित्राच्या आधी येते.

उबुंटूचा एक पडदा मात्र जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत गाळलेला असतो. रीस्टार्ट दाबल्यावर डेस्कटॉप बंद होतो आणि ‘इन्स्टॉलेशनचे माध्यम काढा आणि एंटर दाबा’ अशी इंग्रजीतली एक ओळ येते. तोवर स्क्रीनशॉटची सोय बंद झालेली असते, म्हणून कोणी तिचे चित्र घेत नाही. मग शाळेतील शिक्षक पेनड्राइव्ह तसाच ठेवून एंटर दाबतात, इन्स्टॉलर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि ‘सिस्टिम बसलीच नाही’ असा फोन मला येतो. ते चित्र व्हर्च्युअलबॉक्समधून किंवा मोबाइलने घ्यावे आणि पुस्तिकेत पानभर मोठे छापावे.