ताशी ७५ला थरथर: तीनचाकी मोटरसायकलचा बेल्ट कसा तपासावा

"गाडी पंचाहत्तरवर गेली की थरथरून राहिली बे. बेल्टच बदलून टाकू का?" मित्राचा फोन आला तेव्हा तो जामठ्याच्या स्टेडियमजवळ वर्धा रोडच्या कडेला उभा होता. गाडी परदेशातून आणलेली, पुढे दोन चाकं आणि मागे एक. मी म्हटलं, "काहून? बेल्टनं काय केलं तुझं? आधी घरी आण, हळू आण."

पंचवीस वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत पंखे आणि कन्व्हेयरच्या पट्ट्यांमागे गेली. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. पट्टा हलताना दिसतो म्हणून शिव्या त्यालाच पडतात, पण हलवणारा पुष्कळदा दुसराच कोणी असतो. दोन टोकांत ताणलेला पट्टा म्हणजे तंबोऱ्याची तार. तिचा एक ठरावीक सूर असतो आणि त्या सुराला जुळणारा धक्का कुठूनही आला की ती वाजते. म्हणून बेल्ट वाजतोय का, हे आधी पाहायचं आणि त्याला वाजवतंय कोण, हे त्यानंतर. नवा बेल्ट मागवायचा विचार त्याच्याही नंतर, कारण असा बेल्ट आपल्याकडे सीताबर्डीच्या दुकानात टांगलेला मिळत नाही.

खालची रीत कॅन-ॲम स्पायडरसारख्या, म्हणजे मागच्या एकाच चाकाला दातेरी बेल्ट असलेल्या गाड्यांसाठी आहे. हार्लेच्या ट्राय ग्लाइडला मागे दोन चाकं असतात आणि बेल्ट डिफरन्शियलकडे, म्हणजे दोन चाकांत फिरकी वाटणाऱ्या डब्याकडे जातो. तिथे तपासायच्या जागा वाढतात, विचार तोच राहतो.

आधी रस्त्यावर संशय घ्या

नागपुरात राहून ही पायरी गाळली तर दिवस वाया जातो. आपले सिमेंटचे रस्ते ठरावीक अंतरावर कापलेले असतात. तो सांधा साधारण साडेचार मीटरवर येतो असं धरा. ताशी ७५ म्हणजे सेकंदाला जवळपास २१ मीटर, म्हणजे सेकंदाला साडेचार-पाच ठोके. त्यात तीनचाकीच्या चाकांच्या तीन वेगळ्या वाटा, त्यामुळे दोनचाकीवर जो खड्डा टाळता येतो तो इथे कुठल्या ना कुठल्या चाकाखाली येतोच. सिमेंट संपून डांबर लागल्यावर थरथर गेली, तर गाडी दुरुस्त करू नका.

चाचणीला पहाटे निघा. मे महिन्यात तर पर्यायच नाही. हवा थंड टायरमध्येच तपासायची असते आणि दहानंतर टायर थंड राहत नाही. समृद्धी महामार्ग डोक्यातून काढून टाका. तिथे दुचाकीलाही मज्जाव आहे आणि तीनचाकीलाही, त्यामुळे आपली गाडी यातली कुठलीही समजा, उत्तर एकच. बाकी रस्त्यांवर आरसीवर गाडीचा वर्ग काय लिहिलाय ते बघा आणि त्या वर्गाची वेगमर्यादा पाळा. मर्यादेच्या आत थरथर येत नसेल, तर ती शोधायला मर्यादेबाहेर जायचं काम नाही.

मागच्या सीटवर कोणाला "बेल्टकडे बघ रे" म्हणून बसवू नका. वाकून बघणारा माणूस आणि फिरणारा बेल्ट यांची गाठ पडू द्यायची नाही. ॲक्शन कॅमेरा असेल तर तो फ्रेमला घट्ट बांधा आणि बेल्टच्या खालच्या बाजूवर रोखा.

थरथर नेमकी कधी, कुठे

चालवताना तीन प्रश्नांची उत्तरं घ्या आणि घरी आल्याबरोबर लिहून काढा. दुसऱ्या दिवशी माणसाला सगळंच थरथरल्यासारखं आठवतं.

पहिला प्रश्न, हाताला की पायाला? हँडल थरथरत असेल तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, त्यांचं अलाइनमेंट आणि टायर बघा. बेल्टची थरथर सहसा पायदानात, सीटखाली, कधी मागच्या डिकीच्या झाकणात येते. माझ्या मित्राच्या पायाला झिणझिण्या येत होत्या आणि हँडल शांत होतं.

दुसरा प्रश्न, वेग तोच ठेवून गिअर बदलला तर काय होतं? एकाच वेगात पाचव्यावरून चौथ्यावर आलात की इंजिनचे फेरे वाढतात, पण गिअरबॉक्सच्या पुढचं सगळं, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट (बेल्ट ज्यावर बसतो ते दातेरी चक्र), बेल्ट, मागचं स्प्रॉकेट आणि चाक, त्याच गतीने फिरत राहतं. थरथर बदलली तर इंजिनकडे बोट दाखवा. दोन्ही गिअरांत ती त्याच वेगाला आली तर इंजिन निर्दोष सुटलं.

तिसरा प्रश्न, थ्रॉटल सोडल्यावर काय होतं? थ्रॉटल दिला की बेल्टची वरची बाजू ताणते आणि खालची सैलावते. सोडला की इंजिनाच्या ओढीने उलटं होतं. त्याच वेगाला थ्रॉटल सोडताच थरथर एकदम गेली किंवा तिचा सूर बदलला, तर बेल्ट वाजतोय हे बऱ्यापैकी नक्की. टायरला थ्रॉटलशी फारसं देणंघेणं नसतं, तो दोन्ही वेळा सारखाच उडतो.

मित्राच्या गाडीची थरथर ७२ ते ७८च्या पट्ट्यात यायची. गिअर बदलून फरक नाही, थ्रॉटल सोडला की गायब. म्हणजे तार वाजत होती.

गाडी उचलून बघा

सपाट फरशीवर पुढच्या दोन्ही चाकांना लाकडाची पाचर लावा आणि जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच टेकवा. मागचं चाक बोटभर अधांतरी आलं की पुरे. इंजिन बंद आणि किल्ली खिशात ठेवा. चाक फक्त हाताने फिरवायचं आणि तेही टायरला धरून, बेल्टला धरून नाही. बेल्ट आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोट गेलं की गेलं. काही जण उचललेल्या गाडीला गिअर टाकून चाक फिरवून बघतात. आजच्या गाड्यांना मागचं चाक धावतंय आणि पुढची उभी आहेत हे दिसलं की डॅशबोर्डवर दिवे पेटतात, आणि मग मूळ दुखणं राहतं बाजूला.

टायर मी आधी बघतो, कारण ते स्वस्त पडतं. मागचा रुंद टायर मधोमध सपाट झिजतो. तळहात दोन्ही दिशांनी फिरवा, एका दिशेने करवतीसारखं लागलं तर झीज वाकडी आहे. रिमवर बॅलन्सिंगचं वजन गळून पडल्याचा चौकोनी डाग दिसतो का बघा. चाकाला वर-खाली आणि बाजूला धरून हलवा, कट् असा आवाज आला तर बेअरिंग.

मग बेल्ट. पूर्ण फेरा फिरवत दात न् दात बघा. मुळाशी चीर, तुटलेला दात, कडेला सुटलेले धागे. आपल्या रस्त्यांवरून गिट्टीचे आणि राखेचे ट्रक सतत जातात. त्यातला खडा बेल्ट आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडला तर तो पट्ट्यातून आरपार भोक पाडू शकतो. असं भोक किंवा दाताच्या मुळाशी चीर दिसली तर पुढची तपासणी नको, बेल्ट बदला. धुवायला साबणाचं पाणी पुरतं. चेनची सवय असलेला माणूस तेलाचा डबा घेऊन येतो, त्याला चहाला पाठवा. काढलेला बेल्ट दुमडून डिकीत कोंबू नका, तीव्र वळणात आतले तंतू तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

फिरवताना बेल्ट मागच्या स्प्रॉकेटच्या एकाच कडेला घासत असेल, त्या बाजूची कड चकचकीत झाली असेल, तर ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, तिरका बसलाय. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर थोडे थोडे फिरवून तो सरळ करायचा असतो. अर्धा फेरा सुद्धा पुष्कळ होतो.

ताण मोजा, अंदाजाने कसू नका

इथे मी स्वतः चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बेल्टच्या मधोमध ठरावीक जोर लावून तो किती दबतो ते मोजायची जुनी पद्धत आहे. हार्लेच्या पद्धतीत हा जोर १० पौंड, म्हणजे साधारण साडेचार किलो असतो. तुमच्या गाडीला किती जोर लावायचा आणि बेल्ट किती दबायला हवा, ते मॅन्युअलमधूनच घ्या. सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा यासाठी चालतो. एकाच जागी मोजून थांबू नका. चाक पाव फेरा फिरवत चार ठिकाणी मोजा. एका जागी बेल्ट ताठ आणि समोरच्या जागी ढिला लागला, तर स्प्रॉकेटपैकी एक मध्याला बसलेलं नाही. नोंद सगळ्यात ताठ जागेची करा आणि ताण तिथेच जुळवा.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. बेल्टची खालची बाजू तारेसारखी छेडा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये तिचा व्हिडिओ घ्या. सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओत एका झोक्याला ८ फ्रेम लागल्या, तर बेल्ट सेकंदाला ३० वेळा हलतोय. मित्राच्या गाडीचा आकडा हाच आला.

आता हा आकडा कशाशी जुळतो ते बघू. त्याच्या मागच्या टायरवर २२५/५० आर१५ लिहिलं होतं. त्याचा घेर साधारण १.९ मीटर. ताशी ७५ला चाक सेकंदाला ११ फेरे घेतं. स्प्रॉकेटचे दात मोजले तर मागचे पुढच्याच्या जवळपास २.८ पट निघाले. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट सेकंदाला ३०-३१ फेरे. बेल्टही ३०. उभ्या गाडीचा आणि धावत्या गाडीचा आकडा तंतोतंत जुळत नाही, कारण थ्रॉटलने ताण बदलतो. पण बोट कोणाकडे दाखवायचं ते कळलं. चाक दोषी असतं तर ११ किंवा २२ला काही सापडायला हवं होतं.

हे गणित मी नंतर केलं. पहिल्या दिवशी मी काय केलं, तर पाना घेऊन बेल्ट कसला. थरथर गेली! खापरीला पोहे खाल्ले, तर्री मागून घेतली, मित्राने पैसे दिले. पण ती गेली नव्हती, सरकली होती. सूर ताणाच्या वर्गमुळाने चढतो. ताण सुमारे २१ टक्के वाढवला की सूर १० टक्के चढतो, म्हणजे ७५ची थरथर ८२ला जाते, आणि ८२ने आम्ही गाडी चालवत नव्हतो. दोन आठवड्यांनी पुढच्या स्प्रॉकेटकडून बारीक घूं-घूं सुरू झाली. जास्त कसलेला बेल्ट गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर रोज ओझं टाकत असतो. ताण परत मॅन्युअलच्या आकड्यावर आणला, आवाज गेला, थरथर ७५ला परत आली.

पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण उघडा

इतकं झाल्यावर झाकणाचे चार बोल्ट काढणं सोपं वाटतं. आत बघायची गोष्ट एकच, लाल भुकटी. मसाल्याच्या डब्याच्या कडेला तिखट साचतं तशी ती शाफ्टच्या खाचांभोवती साचलेली होती. बोटाला लावून चोळली तर खरखरीत लागली आणि पुसल्यावर बोट तांबडं राहिलं. ही माती नव्हे. शाफ्टच्या खाचा आणि स्प्रॉकेटच्या खाचा एकमेकांत ढिल्या झाल्या की लोखंड लोखंडावर बारीक बारीक घासतं आणि त्याचा गंज असा बाहेर येतो. मागचं चाक कोणीतरी धरून ठेवलं, मी स्प्रॉकेट अंगठ्याने पुढे-मागे केलं. केसभर हललं. केसभर पुरतं.

स्प्रॉकेट काढल्यावर आधी शाफ्टच्या खाचा ब्रशने साफ करून उजेडात बघा. धारदार आणि सरळ असतील तर नशीब, फक्त स्प्रॉकेट बदलून भागतं. आमचं तसंच झालं. शाफ्टच खाल्ला गेला असेल तर इंजिन उघडणाऱ्याकडे जा, घरी हात घालू नका. नवं बसवताना बोल्ट नवा घ्या, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच कसणारा पाना) वापरा, आणि खाचांना काही लावायचं की कोरडं ठेवायचं ते मॅन्युअल सांगेल तसं करा.

मग बाजारातल्या छोट्या रोलरचं काय?

बेल्टच्या खालच्या बाजूला हलका टेकणारा रोलर बाजारात मिळतो. त्याने तारेची लांबी तोडली जाते आणि सूर बदलतो, तंबोऱ्यावर बोट ठेवल्यासारखं. चांगली वस्तू आहे. स्प्रॉकेट, टायर, ताण आणि बेल्ट सगळं ठीक असूनही वेगाच्या एखाद्या पट्ट्यात थोडी थरथर राहते, कारण कुठली ना कुठली तार कुठल्या ना कुठल्या वेगाला वाजणारच. त्या उरलेल्या थरथरीसाठी रोलर लावा. मित्राने हा रोलर पहिल्याच आठवड्यात लावला असता तर थरथर दबली असती आणि लाल भुकटी झाकणाआड साचत राहिली असती.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, त्याच हवेच्या दाबाने फेरी मारा. आम्ही स्प्रॉकेट बदलून बुटीबोरीपर्यंत गेलो. ७२, ७५, ७८, पाय शांत. येताना सिमेंटचा पट्टा लागला आणि मागून आवाज आला, "अबे, परत थरथरून राहिली!"

"सांधे मोज," मी म्हटलं.