कॉस लिहिण्याआधी कोन बघा: कोसाइनच्या या चुका टाळा

दहावीपासून सूत्र तोंडपाठ असते: कॉस म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण. तरी पुढे फिजिक्समध्ये किंवा डिप्लोमाच्या मेकॅनिक्समध्ये उत्तर चुकते, आणि बहुतेक वेळा चूक सूत्रात नसते. कोन नेमका कोणत्या दोन रेषांमधला आहे, हे पाहिलेलेच नसते.

उतारावरचा ठोकळा घ्या. उताराचा जमिनीशी कोन ३०°, ठोकळ्याचे वजन १०० न्यूटन. ‘आडवा घटक कॉस, उभा घटक साइन’ असे पाठ करून आलेला विद्यार्थी उताराच्या दिशेचा घटक १०० कॉस ३०°, म्हणजे सुमारे ८६.६ न्यूटन काढतो. पण वजन सरळ खाली ओढते, आणि ती दिशा व उतार यांच्यात ६०° चा कोन आहे. म्हणून उताराच्या दिशेने १०० कॉस ६०°, म्हणजे ५० न्यूटन. ८६.६ न्यूटन हा उताराला लंब असलेला घटक झाला. ज्या रेषेवर घटक हवा, तिच्याशी बलाचा जो कोन होतो त्याचाच कॉस घ्यायचा. मला विचाराल तर तो आडवा-उभा नियम वर्गात शिकवूच नये. शंका आली तर उताराचा कोन ०° धरून पाहा. जमीन सपाट असेल तर ठोकळ्याला पुढे ओढणारा घटक शून्य यायला हवा; कॉस ०° तर १ आहे. चूक तिथेच पकडली जाते.

सोलर पॅनेलचेही तसेच. सूर्यकिरण आणि पॅनेलवरचा लंब यांच्यातला कोन धरायचा, पॅनेलच्या पृष्ठभागाशी होणारा नव्हे. किरण लंबापासून ६०° कलले की पॅनेलवर थेट पडणारी ऊर्जा निम्मी होते.

दुसरी मोठी अडचण विशालकोनाची. काटकोन त्रिकोणाची व्याख्या लघुकोनापुरतीच पुरते. पुढे त्रिज्या १ असलेले, आरंभबिंदू केंद्र असलेले वर्तुळ काढा: कोनाची भुजा वर्तुळाला जिथे छेदते, त्या बिंदूचा क्ष-निर्देशक म्हणजे कॉस. १२०° ला तो बिंदू डावीकडे जातो, म्हणून कॉस १२०° = −१/२. कोसाइन नियमात, म्हणजे दोन बाजू आणि मधला कोन यांवरून तिसरी बाजू काढताना, हे ऋण चिन्ह फार जणांचे सुटते. बाजू ५ आणि ८ सेमी, मधला कोन १२०° असेल तर तिसऱ्या बाजूचा वर्ग = २५ + ६४ − २×५×८×(−१/२) = १२९, बाजू सुमारे ११.४ सेमी. चिन्ह विसरलात तर ४९, म्हणजे ७ सेमी येते. उत्तर इतके सुटसुटीत आले की संशयही येत नाही! पण विशालकोनासमोरची बाजू सर्वांत मोठी असते, आणि ७ तर ८ पेक्षा लहान.

कॅल्क्युलेटरवर कॉस ६० चे उत्तर −०.९५२ आले, तर तो रेडियनवर आहे, डिग्रीवर आणा. एक्सेलमध्ये कोन रेडियनमध्येच द्यावा लागतो, म्हणून अंशांना आधी π (पाय) ने गुणून १८० ने भागा.

कंस उघडतानाही जपा. कॉस (६०° + ३०°) म्हणजे कॉस ९०°, अर्थात शून्य. कॉस ६०° + कॉस ३०° मात्र सुमारे १.३७. कॉस १ पेक्षा मोठा होतच नाही, एवढे आठवले तरी पुरे. आणि कॉस⁻¹ ०.५ म्हणजे ज्याचा कॉस ०.५ आहे तो कोन, ६०°. एक भागिले कॉस हवे असेल तर ते सेक.

वीज शिकणाऱ्यांना कॉस फाय, म्हणजे पॉवर फॅक्टर भेटतो. इथला कोन आकृतीत शोधून सापडत नाही. तो व्होल्टेज आणि करंट यांच्या लहरींमधला कलाफरक आहे, म्हणजे एक लहर दुसरीच्या किती मागे किंवा पुढे आहे ते. २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेणारी सिंगल फेज मोटर ११५० वॅट खाते असे थेट लिहू नका. ते ११५० व्होल्ट-अँपिअर झाले. पॉवर फॅक्टर ०.८ असेल, म्हणजे करंट सुमारे ३७° मागे असेल, तर प्रत्यक्ष शक्ती ९२० वॅट.