धरणाखालच्या नदीतले मासे-पक्षी वाचवायला ग्रँट मागताय? या चुका टाळा

नदीवर काम करणारे छोटे ग्रुप, कॉलेजची मुलं, गावातली मंडळं मनापासून प्रपोजल लिहितात आणि त्यातली बरीच परत येतात. वाईट वाटतं, कारण काम खरंच गरजेचं असतं. बहुतेक वेळा गडबड एकाच जागी असते, ती म्हणजे धरणानं नेमकं काय बिघडवलं आणि आपण त्यातलं काय दुरुस्त करणार हे अर्जात कुठेच जुळत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये बीसी हायड्रो ही वीज कंपनी स्वतःच्या धरणांमुळे बाधित खोऱ्यांसाठी दरवर्षी पैसे देते, त्यातून मासे आणि वन्यजीवांच्या कामाला ग्रँट मिळतात, सोबत प्रांत सरकार, केंद्राचं मत्स्य खातं आणि तिथले मूळनिवासी समाज असतात. आपल्याकडे कोयना, उजनी, जायकवाडी उभी राहिली तेव्हा पर्यावरण मंजुरीची १९९४ ची अधिसूचनाही नव्हती, त्यामुळे असा कुठला तयार फंड गृहीत धरू नका. सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, परदेशी फाउंडेशन, सरकारी योजना असं जमवत जावं लागतं आणि प्रत्येकाची अट वेगळी.

"धरणामुळे जैवविविधतेचा ऱ्हास" एवढंच लिहिणं

हे वाक्य कुठल्याही धरणाला चालतं, म्हणून वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला वळतं आणि शेवटी वाशिष्ठीत येतं, म्हणजे एका नदीचं पाणी कमी झालं आणि दुसरीत ते पावसाळा नसतानाही वाढलं, दोन नद्यांचे प्रश्न दोन. उजनीचं बॅकवॉटर पसरट, उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की जो चिखल उघडा पडतो त्यावर भिगवणला पक्षी चरतात, तिथे पाणी किती आणि कधी उतरतं हाच मुद्दा. ओढ्यावरच्या छोट्या बंधाऱ्यात वेगळंच, पहिल्या पुराला वर जाणारे चढणीचे मासे भिंतीपाशी अडतात आणि तिथेच जाळ्यात सापडतात. खोल धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी गार आणि ऑक्सिजन कमी असलेलं असू शकतं, ते अजून तिसरं.

म्हणून वाट अडलीय, पाण्याची वेळ बदललीय, की पाण्याचा दर्जा बदललाय, हे पहिल्याच पानावर लिहा आणि उपाय त्याच्याशी जोडा. वाट अडलीय असं लिहून पुढे काठावर हजार झाडं लावण्याचं बजेट टाकलं तर मासा काही वर चढणार नाहीये.

माशांचं बी सोडलं की संवर्धन झालं असं समजणं

ही चूक सगळ्यात जास्त आणि सगळ्यात महागात पडणारी. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या बाजूचे मासे, धरणात त्यांची बोटुकली म्हणजे बोटभर पिल्लं सोडणं हा मत्स्योत्पादनाचा भाग आहे, त्यात चूक नाही, मच्छीमाराचं घर त्यावर चालतं, पण ते संवर्धनाच्या ग्रँटमध्ये घालू नका.

देशी मासा सोडतोय म्हणूनही बिनधास्त राहू नका. महाशीरचं उदाहरण बघा. दख्खनचा महाशीर म्हणजे टॉर खुद्री, कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये मुळा-मुठेतून त्याची नोंद केली, आणि लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास १९७० च्या दशकापासून होते आहे. हे बी देशभर गेलं, कावेरीतही गेलं, आणि तिथे तो वाढला आणि तिथला स्वतःचा कुबडाचा महाशीर मागे पडत गेला, जो आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. म्हणजे चांगल्या हेतूनं सोडलेला मासा दुसऱ्या खोऱ्यात घुसखोर ठरला. तेव्हा बी सोडायचंच असेल तर ते कुठल्या खोऱ्यातल्या माशाचं, तिथे तो आधी होता याचा पुरावा काय, आणि नैसर्गिक पैदास का होत नाही, या तीन प्रश्नांची उत्तरं अर्जात हवीत. तिसऱ्याचं उत्तर मिळालं तर बऱ्याचदा बी सोडायची गरजच उरत नाही.

पाणी सोडणाऱ्या माणसाला न विचारता पाण्याचं वचन देणं

"आम्ही नदीत पर्यावरणीय प्रवाह राखू", म्हणजे नदी जिवंत राहील एवढं पाणी वाहतं ठेवू, असं लिहिता, पण गेट जलसंपदा खात्याच्या हातात आहे आणि आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, कधी किती ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. शेतकऱ्याचं पाणी तोडून मागणी केली तर गावच विरोधात जातं. छोटी, जमणारी मागणी ठेवा. नदी सुरय हा पक्षी उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतो, अचानक मोठं पाणी आलं की सगळी घरटी एका रात्रीत जातात. इथे जास्त पाणी मागायचंच नाहीये, पाणी टप्प्याटप्प्यानं वाढवा आणि आम्हाला आधी कळवा एवढंच मागायचंय, आणि त्यासाठी उपविभागीय अभियंत्याचं साधं पत्र जोडलं तरी अर्जाचं वजन वाढतं.

तसंच मच्छीमार सोसायटीचं. जलाशयाचा ठेका त्यांच्याकडे असेल तर त्यांच्या ठरावाशिवाय बारीक आसाच्या जाळ्यांवर बंदी वगैरे लिहूच नका. त्यांच्या बोटीचं भाडं, नोंदी ठेवणाऱ्या पोरांची मजुरी बजेटमध्ये धरा, त्यांना फुकट राबवून संवर्धन होत नाही.

परवानगी नंतर बघू म्हणणं

कोयना, जायकवाडी, नांदूर मधमेश्वर ही अभयारण्यं आहेत, तिथे अभ्यासाला वन्यजीव कायदा १९७२ खाली वनविभागाची परवानगी लागते आणि ती यायला वेळ लागतो. अर्ज तरी आधी टाकून ठेवा, पोच जोडा.

पैशाचा रस्ता न तपासणं

परदेशी ग्रँट असेल तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीचा कायदा आधी बघा. नोंदणीसाठी संस्थेला किमान ३ वर्षं आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, नाहीतर ठराविक देणगीदारासाठी पूर्वपरवानगी. खूप जण अजून ठरवतात की मोठ्या संस्थेच्या खात्यात पैसे घेऊ आणि ती आपल्याला देईल. २०२० च्या दुरुस्तीनंतर हे चालत नाही, दोघांकडे नोंदणी असली तरी नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही तेव्हाच ५० वरून २० टक्क्यांवर आली.

सीएसआरला संस्थेचा सीएसआर-१ नंबर, म्हणजे त्या निधीसाठीचा नोंदणी क्रमांक, लागतो, आणि चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त ३ वर्षं, म्हणून दहा वर्षांचा आराखडा असेल तर तुकडे पाडा. अजून एक, कंपनीचं वर्ष मार्चला संपतं आणि माशांची चढण जूनमध्ये असते. पैसे ऑगस्टमध्ये आले तर त्या वर्षीचा हंगाम गेलाच, मग सुधारणा झाली हे दाखवायला आधीचा आकडा कुठून आणणार? एक पावसाळा आधीच स्वतःच्या खर्चानं साध्या नोंदी घ्या, आणि जवळचा बंधारा नसलेला एखादा ओढाही मोजा, कारण पाऊसच कमी झाला तर मासे का घटले ते वेगळं सांगता येत नाही.

मोहम्मद बिन झायेद फंड या परदेशी फंडासारखे लोक थेट प्रजातीसाठी पैसे देतात, जास्तीत जास्त २५ हजार डॉलर, तिथे "नदी परिसंस्था" नका लिहू, माशाचं नाव लिहा. रफर्ड या परदेशी फाउंडेशनला बहुतांश खर्च प्रत्यक्ष फील्डवरचा हवा असतो आणि तुमच्या कामाबद्दल शिफारस देणारी माणसंही लागतात, त्यांना आधी फोन करा, प्रपोजल वाचायला द्या, डेडलाइनच्या आदल्या रात्री मेल टाकून त्यांच्याकडून चांगलं पत्र येत नाही.

नकार आलाच तर कारण विचारणारा छोटा मेल जरूर करा. उत्तरात एखादी ओळ जरी आली तरी पुढच्या वेळी पहिला बदल तिथेच करा.