काउंटर वाजला म्हणून भिंत किरणोत्सारी होत नाही : शाळेतल्या या चुका टाळा

देवगडकडच्या एका शाळेत घरी जोडलेला गायगर काउंटर (किरणोत्साराचा कण आला की टिक्‌ वाजणारं यंत्र) घेऊन गेलो होतो. मी चहाला बसलो तेवढ्यात नववीच्या पोरांनी पटांगणात एक मिनिट टिकटिक मोजली : १८. मग जांभ्याच्या भिंतीला नळी टेकवली : २४. झालं! संध्याकाळी बाजारात एक आजोबा विचारतात, "गुरुजी, शाळेच्या भिंतीत अणू असा म्हणतत, पोरांका पाठवू की नको?" जैतापूरचा नियोजित अणुप्रकल्प जवळ असलेल्या मुलखात अशी अफवा हसण्यावारी जात नाही.

दुसऱ्या दिवशी दहा-दहा मिनिटं मोजलं. पटांगण २०३, भिंत २११. किरणोत्सार ठरल्या तालावर येत नाही. जो आकडा येईल त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार धरूनच चालायचं. १८ ला चार, २४ ला पाच, मग सहाच्या फरकाचं काय कौतुक? दोनशेला तर चौदा. आता मी आधी वीस मिनिटं नुसतं बॅकग्राउंड (आजूबाजूला कायम असणारा किरणोत्सार) मोजतो, तोवर पिशवीतून दुसरं काही काढतच नाही. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

दुसरं दुखणं क्लाउड चेंबरचं, म्हणजे थंड केलेल्या अल्कोहोलच्या वाफेत किरणोत्साराच्या कणांचे माग दाखवणाऱ्या बरणीचं. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) मुंबईहून आणायचा कंटाळा, म्हणून बंदरावरचा मासळीचा बर्फ आणि मीठ! ते मिश्रण फार तर उणे २१ अंशांपर्यंत जातं, ड्राय आइस उणे ७८. तसंच मेडिकलमधलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं; ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच घ्या. बरणी बसवली की दहा मिनिटं हात लावू नका. आधी नुसती भुरभुर दिसते, मग आडव्या टॉर्चच्या उजेडात पांढरे धागे उमटतात : आखूड जाड तो अल्फा, वेडावाकडा बारीक तो इलेक्ट्रॉन. दोन मिनिटांत "काही दिसत नाही" म्हणत झाकण उघडणारे शिक्षक मला दरवर्षी भेटतात. ड्राय आइसचा वायू साचू नये म्हणून खिडक्या मात्र उघड्या ठेवा, आणि ड्राय आइसच्या पेटीचं झाकण सैल.

केसांवर घासलेला फुगा टांगून हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची पिल्लावळ (त्यापासून बनणारे किरणोत्सारी कण) पकडायचा प्रयोग पावसाळ्यात करू नका, दमट हवेत भार टिकत नाही.

केळ्यात किंचित किरणोत्सारी पोटॅशियम असतं खरं, पण केळ्याने काउंटर वाजत नाही.

काउंटर वाजवून दाखवायला गॅसबत्तीचं जुनं मँटल (ज्योतीवरची जाळी) चालतं; त्यात किरणोत्सारी थोरियम असू शकतं, पण जळलेलं मँटल बोट लागताच चुरा होतं आणि तो चुरा नाकात जाता कामा नये. मी न वापरलेलंच घेतो, झिपच्या पिशवीत बंद करतो, वर चिकटपट्टी लावतो आणि पिशवी पोरांच्या हातात देत नाही.